बाळाची शी, एक प्रबंध आणि सव्वाशे वर्षं

मागच्या महिन्यात वॉर्डात नमुने गोळा करत होते. दीड वर्षाची मुलगी, दोन महिन्यांपासून अधूनमधून जुलाब, वजन साडेसात किलो. मी संमतीपत्र वाचून दाखवलं. आईने अंगठा उठवला आणि विचारलं, "ताई, ही शी तपासली की हिचं औषध सापडेल ना?"

मी म्हणाले, "हिला लगेच काही मिळणार नाही. पुढच्या मुलांना कदाचित उपयोग होईल." संमतीपत्रातलंच वाक्य होतं ते. तिने मान हलवली आणि डबी माझ्या हातात दिली.

त्या "कदाचित"चा अर्थ काय, हे मला नीट सांगता आलं नसतं. म्हणून घरी येऊन मी नवे पेपर बाजूला ठेवले आणि या विषयाचा इतिहास पहिल्यापासून वाचायला घेतला. पीएचडीची तयारी करणाऱ्यांनी आपल्या विषयाचा इतिहास वाचावा, असं सगळेच सांगतात. तो का वाचायचा, हे मला या वाचनात कळलं.

पहिला प्रश्न: तिथे काय आहे?

थिओडोर एशेरिख हा जर्मन बालरोगतज्ज्ञ. १८८४ मध्ये कॉलऱ्याच्या साथीचा अभ्यास करायला तो नेपल्सला गेला आणि परत येऊन म्युनिकला तान्ह्या बाळांची शी तपासायला लागला. तो काळ रॉबर्ट कॉखचा. एक रोग, एक जंतू, असा शोधांचा धडाका चालू होता. त्यामुळे आजारी बाळाच्या शीतून जंतू काढायचा आणि "हाच गुन्हेगार" म्हणायचं, हा मोह सगळ्यांनाच होता.

एशेरिखने उलटी सुरुवात केली. निरोगी बाळाच्या आतड्यात काय असतं हेच माहीत नसेल, तर आजारी बाळात जे सापडेल त्याला दोषी कसं ठरवणार? म्हणून त्याने जन्मानंतरच्या पहिल्या काळ्या शीपासून नमुने घेतले. सुरुवातीला त्यात जिवाणू नसतात, मग काही तासांतच येतात आणि दूध सुरू झालं की त्यांची मांडणी बदलते, हे त्याने नोंदवलं. १८८५ मध्ये निबंध आणि १८८६ मध्ये पुस्तक. त्यातल्या एका जिवाणूला त्याने 'बॅक्टेरियम कोलाय कम्यून' म्हटलं. आज आपण त्याला ई. कोलाय म्हणतो, आणि त्यातला 'ई' एशेरिखचा.

म्हणजे ई. कोलायची पहिली ओळख निरोगी बाळाच्या पोटातला नेहमीचा रहिवासी अशी होती. पण १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन ब्रे याने उन्हाळी जुलाबाने आजारी असलेल्या बाळांचे नमुने तपासले. ई. कोलायचा एक विशिष्ट प्रकार जवळजवळ सगळ्या आजारी बाळांत सापडला, आणि तुलनेसाठी घेतलेल्या बाळांत अगदी थोड्यांत. नाव एकच, पण एक प्रकार निरुपद्रवी आणि दुसरा जीव घेणारा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा प्रश्न: जे दिसलं नाही त्याचं काय?

एशेरिखच्या कामात एक मोठी फट होती. त्याच्या पद्धतीत जे सहज वाढायचे ते जिवाणू त्याला मिळाले. पण बाळाच्या मोठ्या आतड्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. तिथल्या कितीतरी जिवाणूंना हवा लागली की ते मरतात.

ही फट भरली एका पीएचडीसारख्याच कामाने. पॅरिसमध्ये ऑंरी तिसिए याने १९०० मध्ये तान्ह्या बाळांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर प्रबंध सादर केला. ऑक्सिजनला दूर ठेवून वाढवण्याची पद्धत वापरल्यावर त्याला आईचं दूध पिणाऱ्या बाळांमध्ये एक जिवाणू विपुल प्रमाणात दिसला. टोकाला दोन फाटे फुटलेला, इंग्रजी वाय अक्षरासारखा. तोच आजचा बिफिडोबॅक्टेरियम.

विचार करा, सगळ्यात जास्त असलेला रहिवासीच आधीच्या यादीतून निसटला होता. तेव्हा तुमच्या थिसिसमधल्या 'पद्धती' या प्रकरणाला कंटाळू नका. तुम्हाला काय दिसणार आणि काय दिसणार नाही, हे तिथेच ठरतं. आज आपण डीएनए वाचतो, पण तो पेशीतून बाहेर काढायची किट बदलली तरी यादी बदलते.

पुढे तिसिएने उडी मारली. जुलाब झालेल्या बाळांत हा जिवाणू कमी असतो, तर तो बाहेरून द्यावा. १९०६ च्या सुमारास त्याने असे उपचार करून ते प्रसिद्धही केले. पण चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे, एकाला औषध आणि दुसऱ्याला तसंच दिसणारं खोटं औषध द्यायचं, ही रीत वैद्यकात रुळायला अजून चार दशकं होती. बरीच बाळं जुलाबातून आपोआपही बरी होतात. मग जिवाणूने बरं केलं की दिवसांनी, हे कसं कळणार?

तिसरा प्रश्न: तो जिवाणू तिथे का टिकतो?

याचं उत्तर दुधात सापडलं. १९५० च्या दशकात अमेरिकेत पॉल ग्योर्गी आणि जर्मनीत रिचर्ड कून यांनी मानवी दुधातल्या काही गुंतागुंतीच्या शर्करा ओळखल्या. गंमत अशी, की बाळाला त्या पचवताच येत नाहीत. लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्यानंतर दुधातल्या घन भागात सगळ्यात जास्त वाटा या शर्करांचा, आणि त्या बाळाच्या अन्नासाठी नाहीतच! त्या थेट मोठ्या आतड्यात जातात आणि बिफिडोबॅक्टेरियमचं अन्न होतात. आई एका वेळी दोघांना भरवत असते.

इथे विचाराची दिशा बदलली. नुसता जिवाणू देऊन भागत नाही, त्याला खायला काय मिळणार हेही पाहावं लागतं.

मग चाचण्या झाल्या

२०१६ मध्ये इंग्लंडमधली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. खूप लवकर जन्मलेली १,३१५ बाळं, अर्ध्यांना बिफिडोबॅक्टेरियम ब्रेवेचा एक प्रकार, अर्ध्यांना खोटं औषध. आतड्याचा गंभीर दाह, रक्तातला संसर्ग, मृत्यू, कशातच फायदा दिसला नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे खोटं औषध घेणाऱ्या जवळपास निम्म्या बाळांच्या आतड्यातही तो जिवाणू पोहोचला होता. एकाच कक्षातली बाळं, त्यामुळे जिवाणू या पाळण्यातून त्या पाळण्यात गेला. गोळीच्या चाचणीत असं होत नाही, जिवंत औषधाच्या चाचणीत होतं.

२०१८ मध्ये अमेरिकेत जुलाब-उलट्यांनी आजारी ९७१ मुलांवर लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी तपासला. जुलाब थांबायला औषधाच्या गटात साधारण ५० तास लागले, खोट्या औषधाच्या गटात ५१. तिसिएच्या उडीला शतकानंतर मिळालेलं हे एक उत्तर.

पण याआधीच, २०१७ मध्ये, ओडिशाच्या खेड्यांतून वेगळं उत्तर आलं होतं. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी केली. निम्म्यांना फक्त सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक विशिष्ट प्रकार आणि सोबत त्याचं अन्न म्हणून एक शर्करा दिली. पहिल्या ६० दिवसांत जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण खोट्या औषधाच्या गटात ९ टक्के, तर उपचाराच्या गटात ५.४ टक्के.

मग प्रोबायोटिक चालतं की नाही? हा प्रश्नच चुकीचा आहे. जिवाणूचा प्रकार वेगळा, बाळं वेगळी, आजार वेगळा, सोबतचं अन्न वेगळं. ब्रेचा ई. कोलाय आठवतो ना? नुसत्या नावावरून काही ठरत नाही.

ढाक्यातली केळी

शेवटची गोष्ट माझ्या विषयाच्या सगळ्यात जवळची. अमेरिकेत जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने मलावीतल्या जुळ्यांचा अभ्यास केला. काही जोड्यांत एकाला कुपोषण आणि दुसरं ठीक. दोघांच्या शीतले जिवाणू निर्जंतुक उंदरांत घातले आणि त्यांना मलावीसारखा आहार दिला. कुपोषित मुलाचे जिवाणू मिळालेल्या उंदरांचं वजन जास्त घटलं. हे २०१३ चं काम. म्हणजे जिवाणू हा नुसता परिणाम नाही, कारणातही त्याचा वाटा असू शकतो.

पुढे तहमीद अहमद यांच्या ढाक्यातल्या गटासोबत त्यांनी दाखवलं, की कुपोषित मुलांच्या आतड्यातली वस्ती वयाच्या मानाने 'लहान' राहते, आणि नेहमीच्या उपचारआहाराने ती थोडे दिवसच सुधारते. मग त्यांनी ती वस्ती मोठी करणारं अन्न शोधलं. हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा, कच्चं केळं. आपल्या स्वयंपाकघरातलेच जिन्नस! २०२१ मध्ये ढाक्यातल्या १२३ मुलांवरच्या चाचणीचे निकाल आले. या आहारात नेहमीच्या आहारापेक्षा कॅलरी कमी होत्या, तरी मुलांची वाढ जास्त वेगाने झाली. गट लहान, काळ तीन महिने, फरक माफक. पण निरीक्षण, कारण आणि उपचार या तिन्ही पायऱ्या इथे क्रमाने चढलेल्या दिसतात.

आता त्या डबीविषयी

तिच्या मुलीचा नमुना आमच्या फ्रीझरमध्ये उणे ८० अंशांवर आहे. माझा प्रबंध फार तर पहिल्या पायरीवरचा आहे. कोणते जिवाणू कमी, कोणते जास्त, एवढंच तो सांगेल. माझ्या मसुद्यात मात्र "असंतुलनामुळे जुलाब होतात" असं वाक्य होतं. "मुळे" हा शब्द मी कमावलेला नव्हता. तो काढला आणि "जुलाब असलेल्या मुलांत असं आढळतं" असं लिहिलं. गाइडनी काही विचारायच्या आत काढला, एवढंच समाधान.

तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसलात, की आधी तीन ओळी लिहा. मी काय आढळलं ते सांगणार आहे, की कशामुळे ते, की काय बदललं तर फरक पडतो ते? तिन्ही कामं मोलाची आहेत. पण एक करून दुसऱ्याचं श्रेय घेतलं, तर त्याची किंमत अशाच एखाद्या मुलीला मोजावी लागते.

पुढच्या आठवड्यात मी परत त्या वॉर्डात जाणार आहे. त्या आईने पुन्हा विचारलं तर वाक्य तेच असेल. या वेळी त्यातल्या "कदाचित"चा अर्थ मला सांगता येईल.