कुरूपाची साक्ष

कलेचें कार्य सौंदर्य निर्माण करण्याचें, हें वचन इतक्या वेळां कानांवर पडलेलें असतें कीं, त्याविषयीं शंका घेणें हाच अरसिकपणा ठरतो. वस्तुतः भरतानें नाट्यशास्त्रांत जे आठ रस सांगितले त्यांत बीभत्सासही स्थान असून जुगुप्सा हा त्याचा स्थायीभाव होय. किळस ही कलेच्या उंबरठ्याबाहेरची, असें आमच्या शास्त्रकारांनीं मानलें नाहीं. तिला बाहेर घालविण्याचा उद्योग विसाव्या शतकांत एका राज्यसत्तेनें केला. तो इतिहास मननीय आहे.

ओटो डिक्स हा जर्मन चित्रकार पहिल्या महायुद्धांत तोफखान्यांत व पुढें मशीनगनवर होता. १९२० सालीं त्यानें पंगु सैनिकांची मिरवणूक रंगविली. लाकडी पाय, कृत्रिम जबडा, ढकलगाडी आणि अंगावर तोच गणवेष! १९२४ त 'युद्ध' या नांवाची ५० कोरीव चित्रांची माला त्यानें प्रसिद्ध केली. नाझी सत्तेवर येतांच, १९३३ त, ड्रेस्डेनच्या कलाशाळेंतील त्याची अध्यापकी गेली.

१९३७ च्या जुलैंत म्युनिक येथें दोन प्रदर्शनें एका दिवसाच्या अंतरानें उघडलीं. १८ तारखेच्या प्रदर्शनांत सरकारमान्य, नेटकी, धष्टपुष्ट कला होती. १९ तारखेच्या प्रदर्शनास 'भ्रष्ट कला' असें नांव देऊन, संग्रहालयांतून जप्त केलेल्या सुमारें ६५० कृति दाटीवाटीनें टांगल्या होत्या व भिंतींवर टवाळी लिहिली होती. डिक्सचे पंगु सैनिक तेथेंच होते. आरोप हा कीं, त्यानें वीरांचा अपमान केला. म्युनिकमध्येंच वीस लाखांच्या आसपास प्रेक्षक आले. मान्य कलेस त्याच्या निम्मेही लाभले नाहींत. अर्थात् ते सारे रसिक होते, असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळ हंसावयास आले असतील.

परंतु अपमान कोणीं केला? पाय तोडले ते कुंचल्यानें नव्हेत. ज्या सत्तेस पुन्हां तरुण पाठवावयाचे होते, तिला पूर्वीच्या तरुणांचें काय झालें याचा पुरावा नकोसा होता. तिला राग कुरूपाचा नव्हता, साक्षीचा होता.

यावरून प्रत्येक कुरूप चित्र सत्य ठरत नाहीं. विरूपतेचीही फॅशन होते, आणि नुसती किळस आणणें सोपें आहे. ज्या चित्रापुढें मान वळवितांना आपणांस लाज वाटते, त्याचीच कुरूपता सार्थ, असें आम्हांस वाटतें.

तें चित्र पुढें नाहींसें झालें. मात्र त्याच विषयावर डिक्सनें धातूच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राचे ठसे आजही शिल्लक आहेत. मिरवणूक चालूच आहे.