प्रसंगनिर्णयाच्या पेपरची कुळकथा

रात्रपाळी सुरू होते आहे. वॉर्डात आलेल्या वरिष्ठ डॉक्टरांच्या तोंडाला दारूचा वास येतोय. तुम्ही नुकतेच रुजू झालेले. समोर पाच कृती दिल्या आहेत. सर्वांत योग्य ते सर्वांत अयोग्य असा क्रम लावा.

ब्रिटनमध्ये वैद्यकीयच्या शेवटच्या वर्षी अशा धर्तीचे 70 प्रश्न 140 मिनिटांत सोडवावे लागत. पहिल्या नेमणुकीच्या 100 गुणांपैकी 50 या ‘सिच्युएशनल जजमेंट टेस्ट’चे, म्हणजे एसजेटीचे. पाठ करण्यासारखं त्यात काहीच नसे. मग तयारी कशाची करायची?

उत्तर या पेपरच्या जन्मकथेत सापडतं. मुळात त्याचा डॉक्टरकीशी संबंध नव्हता. 1920च्या दशकात अमेरिकेतल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सामाजिक बुद्धिमत्तेच्या चाचणीत असे प्रसंग होते. खरं वळण मिळालं ते दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकी हवाई दलासाठी काम करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी अनुभवी माणसांकडून घडलेले प्रसंग गोळा केले: नेमकं काय झालं, कोणी काय केलं, त्याचा परिणाम काय झाला. 1954मध्ये त्यांनी ही पद्धत सविस्तर मांडली. पुढे 1990मध्ये मानसशास्त्रज्ञ मोटोविडलो आणि सहकाऱ्यांनी कागदावरच्या अशा प्रसंगांनी कामाची कुवत जोखता येते हे दाखवलं आणि ही चाचणी नव्याने रुजली. वैद्यकीय प्रवेशासाठी ती बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये 1997पासून चित्रफितींच्या रूपात आली.

ब्रिटनमध्ये 2013च्या नेमणुकांपासून तिने अर्जातल्या निबंधवजा प्रश्नांची जागा घेतली. ते निबंध विद्यार्थी घरी बसून लिहीत. कोणाचे शब्द कोणाचे, कसं कळणार? पण पहिल्याच वर्षी, फेब्रुवारीत, यंत्राने उत्तरपत्रिका वाचताना चुका केल्या आणि जाहीर झालेल्या नेमणुका मागे घ्याव्या लागल्या.

एसजेटीची गुणपद्धत मला फार सुज्ञ वाटते. फ्लॅनगन यांच्या पद्धतीसारखाच इथेही भर अनुभवावर: आदर्श क्रम अनुभवी डॉक्टरांच्या एकमतातून ठरे. एखादी कृती एका जागेने चुकली तर 4 ऐवजी 3 गुण. सगळा क्रम उलटा लावला तरी 20पैकी 8 मिळत. रुग्ण सुरक्षित आहे ना, हे आधी पाहायचं आणि मग बाकीचं, एवढं ज्याला उमगलं त्याचं फारसं बिघडत नसे. म्हणून डॉक्टरांची नियामक संस्था असलेल्या जनरल मेडिकल काउन्सिलची ‘गुड मेडिकल प्रॅक्टिस’ ही मार्गदर्शिका वाचायची, सरावाचे अधिकृत पेपर सोडवायचे आणि वॉर्डात डोळे उघडे ठेवायचे, हीच खरी तयारी. आपण काय करू हे विचारलेलं नाही, काय करायला हवं हे विचारलंय, हे विसरायचं नाही.

भारतातून एमबीबीएस करून तिकडे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होण्याच्या प्रशिक्षणासाठी धडपडणाऱ्या मराठी डॉक्टरांनीही ‘एमएसआरए’ या निवडपरीक्षेच्या ‘प्रोफेशनल डायलेमाज’ पेपरात असेच प्रश्न सोडवले. आपल्याकडे सरांना अडवणं म्हणजे उद्धटपणा, या संस्कारात वाढलेल्याला दारूचा प्रश्न ब्रिटिश मुलापेक्षा जड जातो. अभ्यासाचे सगळ्यात जास्त तास तिथेच घालायला हवेत.

2024च्या नेमणुकांपासून एसजेटी गेली. आता संगणक ठरवेल तो क्रमांक आणि विद्यार्थ्याची पसंती यांवर जागा मिळते. विद्यार्थ्यांवरचा एका परीक्षेचा ताण कमी झाला, पण वॉर्डात पाय ठेवण्याआधी दारूच्या वासाबद्दल नीट विचार करायला लावणारा हा पेपर जायला नको होता असं मला वाटतं. वैद्यकीयच्या ‘यूकॅट’ प्रवेशपरीक्षेत मात्र प्रसंगनिर्णयाचा भाग उरला आहे, अजून एकही रुग्ण न तपासलेल्या मुलांसाठी.