काम तसं कुत्रं

आज बचत, कर्ज आणि हप्ते जरा बाजूला ठेवू आणि आपल्या अंगणातल्या राखणदाराचा इतिहास पाहू.

कुत्र्याचा इतिहास म्हटला की आपल्याला रायगडावरचा वाघ्या आठवतो. त्याच्या कथेबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्याच्याही सातशे वर्षं आधीची, दगडात कोरलेली एक पक्की नोंद आहे. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे. तिथं इ. स. 949-950 च्या सुमाराचा वीरगळ सापडला. आपल्याकडे देवळापुढं वीरगळ असतात, त्यावर लढणारी माणसं दिसतात. इथं मात्र रानडुकराशी झुंजणारा कुत्रा कोरलाय. त्याचं नाव काळी. झुंजीत कुत्रा आणि डुक्कर दोघंही मेले. मालकानं दगड उभारला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली.

म्हणजे पूर्वी कुत्र्याचा मान त्याच्या कामावर होता, आणि आकारही कामावरच ठरत होता. उंच, सडपातळ, खोल छातीचा कारवानी कुत्रा माळरानावर शिकारीमागं पळण्यासाठी. व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर, म्हणजे कारवानाबरोबर, फिरायचा म्हणून कारवानी, असं सांगतात. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला जोडी भेट दिली. म्हणून तिला मुधोळ हाउंडही म्हणतात. 2005 साली तिचं टपाल तिकीटही निघालं. मध्यम अंगाचा गावठी कुत्रा घर, गोठा आणि वाड्यावरची मेंढरं राखण्यासाठी. अगदी लहान, केसाळ कुत्री घरात बसवायची हौस आपल्याकडं फार अलीकडची.

आता मात्र कामाऐवजी फोटो पाहून पिल्लू आणलं जातं. आणतो घरातला मुलगा, पण भाकरी घालायची, घाण काढायची ती आपणच. म्हणून पिल्लू घरात येण्याआधी आपलं मत विचारलं गेलंच पाहिजे, असं आम्हाला वाटतं.

राखण हवी असेल तर गावठी कुत्रा पुरतो. आपला पाऊस आणि ऊन त्याच्या अंगवळणी आहे. कारवान्याला रोज मोकळं पळायला रान लागतं. साखळीला बांधला की तो बिघडतो. त्याचे केस आखूड, म्हणून वेल्ह्याच्या पावसात त्याला कोरडी जागा हवी. केसाळ कुत्र्याचं अंग पावसाळ्यात ओलं राहिलं तर कातडी बिघडते, केसांत गोचीड लपते. फार मोठ्या जातीचा खर्च मोठा आणि आयुष्य कमी: लहान कुत्रा बारा-पंधरा वर्षं जगतो, महाकाय आठ-दहा.

नगर जिल्ह्यात अकोल्याच्या शिवारात अभ्यासकांनी बिबट्यांचं खाणं तपासलं. 2014 साली ते छापून आलं. वजनाच्या हिशोबानं सर्वांत मोठा वाटा, 39 टक्के, कुत्र्यांचा निघाला. बिबट्या आपल्याही डोंगरात आहे. म्हणून कुत्रा लहान असो की मोठा, रात्री त्याला उघड्यावर बांधू नका. दार असलेल्या गोठ्यात घ्या.

जंताचं औषध वजनावर ठरतं. वजनकाट्यावर आधी आपण एकटीनं उभं राहायचं, मग कुत्र्याला उचलून. फरक म्हणजे त्याचं वजन. तो आकडा जनावरांच्या डॉक्टरांना सांगा. पिसाळ रोगाची लस मात्र लहानमोठं पाहत नाही, ती सगळ्यांना सारखीच.

6 जुलै 1885 रोजी फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला ही लस दिली आणि पोरगं वाचलं. त्याआधी जखमेला डाग देत. आज लस हाताशी असूनही कुणी अंगारा लावून घरी बसलं, तर जीव जातो. एकदा लक्षणं दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. चावल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा, हळद-चुना लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात लस, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दरवर्षी पुन्हा.

पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान यासाठी ठेवा: कोणाच्या घरी कुत्रा, लस कधी झाली, पुढची कधी. हप्त्याची तारीख आपण चुकवत नाही, ही पण चुकवायची नाही.