‘लीड’ म्हणजे काय? फॉर्म भरताच नंबर कोणाकडे आणि कितीला जातो

रात्री अकराची वेळ. पुण्यातला एक जण इन्स्टाग्राम चाळताना हिंजवडीजवळच्या टू बीएचकेच्या जाहिरातीवर थांबतो. ‘किंमत जाणून घ्या’ असं बटण असतं. ते दाबलं की फॉर्म उघडतो, त्यात नाव आणि नंबर आधीच भरलेले. सबमिट केलं की झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पहिला फोन येतो, दहाला दुसरा. तिसरा फोन वाकडच्या भलत्याच प्रकल्पातून, “सर, तुम्ही चौकशी केली होती ना?”

जाहिरातीच्या धंद्यात या माणसाला आता ‘लीड’ म्हणतात. आणि बऱ्याचदा त्याच्या नंबराचे कोणीतरी कोणालातरी पैसे मोजलेले असतात.

लीड ही कल्पना इंटरनेटने आणलेली नाही. लग्नकार्यात ओळखी काढून वहीत नावं टिपणारा विमा एजंट लीडच गोळा करायचा. दुकानदाराच्या भाषेत ती ‘चौकशी’. फरक एवढाच की ही वही आता विकत मिळते, प्रत्येक नावाचा वेगळा भाव लावून.

आधी दिसण्याचे पैसे, मग क्लिकचे

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी वेबसाइटवर एटी अँड टीसह काही कंपन्यांच्या बॅनर जाहिराती झळकल्या. वेबवरच्या जाहिरातींची सुरुवात साधारण इथून धरतात. तेव्हा पैसे वर्तमानपत्रासारखेच, जागेचे आणि दिसण्याचे. १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू डॉट कॉम’ने नवी पद्धत आणली. कोणी क्लिक केलं तरच पैसे. गूगलने २००० साली अॅडवर्ड्स सुरू केलं तेव्हा दर दिसण्यावरच होता, क्लिकची बोली आली २००२ मध्ये.

पण क्लिक म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. चुकून बोट लागलं तरी क्लिकच. म्हणून कर्ज, विमा, घर, शिक्षण अशा महागड्या आणि विचार करून घेतल्या जाणाऱ्या गोष्टींत तिसरी पद्धत रुजली. ज्याने स्वतः नाव-नंबर दिला आणि ठरलेल्या अटी पूर्ण केल्या, त्याचेच पैसे. १९९६ मध्ये स्थापन झालेली अमेरिकेतली ‘लेंडिंगट्री’ याचं ठळक उदाहरण. गिऱ्हाईक एक अर्ज भरतो, अनेक बँका त्याच्यामागे लागतात आणि बँका त्या ओळखीचे पैसे देतात.

या सगळ्या पद्धतींत खरा प्रश्न एकच असतो, तोटा कोणी सोसायचा? दिसण्याचे पैसे असले की जाहिरात फसल्याचा भुर्दंड जाहिरातदाराला. लीडचे पैसे असले की तो भुर्दंड लीड आणणाऱ्याकडे सरकतो, कारण लोकांना गोळा करण्याचा खर्च त्याने आधीच केलेला असतो. विक्रीवर कमिशन असेल तर जवळपास सगळाच.

‘क्वालिफाइड’ या शब्दात सगळं दडलंय

नुसता नंबर ही कच्ची लीड. क्वालिफाइड लीड म्हणजे अटींच्या चाळणीतून गेलेली. अटी दोघांच्या करारात लिहिलेल्या असतात, निदान असायला हव्यात. नंबर चालू असावा, तो ओटीपीने तपासलेला असावा, पिनकोड अमुक भागातला असावा, गृहकर्ज असेल तर पगार अमुकच्या वर असावा, घर असेल तर खरेदी सहा महिन्यांत करायची असावी. यात न बसणारी लीड किती दिवसांत परत करता येईल, तेही ठरतं. ही परतीची अट नसेल तर ‘क्वालिफाइड’ हा नुसता शिक्का.

समजा, नाशिकमधल्या एका मॉड्युलर किचनवाल्याने जाहिरातीवर २०,००० रुपये खर्च केले आणि १०० लीड आल्या. एक लीड २०० रुपयांना पडली. स्वस्तच की! मग फोन सुरू होतात. ४० जण उचलतच नाहीत किंवा नंबर चुकीचा. ३५ जणांना ‘सहज बघत होतो’. उरले २५, त्यातल्या चौघांनी ऑर्डर दिली. म्हणजे कामाची लीड ८०० रुपयांना आणि एक गिऱ्हाईक ५,००० रुपयांना पडलं.

आता त्याने फॉर्ममध्ये तीन प्रश्न वाढवले. घर स्वतःचं का, ताबा कधी, बजेट किती. फॉर्म लांबल्याने लीड निम्म्या झाल्या, ५० आल्या, भाव ४०० झाला. मालक वैतागला. पण ऑर्डर पाच आल्या, म्हणजे गिऱ्हाईक ४,००० रुपयांना पडलं. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, गणित मात्र रोजचं आहे. ‘आम्ही लीड स्वस्तात आणतो’ म्हणणारी एजन्सी नेमका यातला पहिला आकडा दाखवते.

फेसबुकवरची एक गफलत

फेसबुकने २०१५ मध्ये ‘लीड अॅड्स’ आणल्या. प्रोफाइलमधली माहिती फॉर्ममध्ये आपोआप भरली जाते, दुसऱ्या वेबसाइटवर जावं लागत नाही. मोबाईलवर टाइप करायचा कंटाळा हाच फॉर्म अर्धवट सुटण्याचं मोठं कारण होतं, ते गेलं. त्याबरोबर विचार करायला लागणारे दोन क्षणही गेले. म्हणूनच ‘मी कुठलाच फॉर्म भरला नाही’ असं अनेक जण अगदी प्रामाणिकपणे सांगतात. जुना, बंद पडलेला नंबर प्रोफाइलमध्ये असेल तर तोच पुढे जातो. यावर उपाय म्हणून फॉर्मचा ‘हायर इंटेंट’ प्रकार आहे, त्यात पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासून खात्री द्यावी लागते. तो निवडला की लीड घटतात, म्हणून पुष्कळ जाहिरातदार तो टाळतात.

छोट्या व्यावसायिकांचा गोंधळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. जाहिरातीच्या अहवालात ‘कॉस्ट पर लीड’ असा रकाना असतो, तो पाहून वाटतं की मेटा लीडमागे पैसे घेते. सहसा तसं नसतं. पैसे जाहिरात दिसण्याचेच कापले जातात आणि तो आकडा म्हणजे खर्चाला लीडच्या संख्येने भागून आलेली सरासरी. लीड शून्य आल्या तरी बिल येतं. खरोखर लीडमागे पैसे घेणारे वेगळे. अमेरिकेत गूगलच्या ‘लोकल सर्व्हिसेस’ जाहिरातींत प्लंबर किंवा कुलूपवाला दिसण्याचे नाही, आलेल्या फोनचे किंवा मेसेजचे पैसे देतो. भारतात १९९६ पासूनच्या इंडियामार्टवर खरेदीदाराने टाकलेली गरज ‘बायलीड’ म्हणून पुरवठादारांपुढे येते आणि वर्गणीतल्या कोट्यातून ती उघडावी लागते. शिवाय मधल्या एजन्सी असतात. त्या मेटाला दिसण्याचे पैसे भरतात आणि बिल्डरला लीडच्या भावाने विकतात. मधला फरक हाच त्यांचा नफा.

एकच नंबर, चार गिऱ्हाइकं

लीड दोन प्रकारे विकतात, एकालाच किंवा अनेकांना. अनेकांना विकलेली स्वस्त पडते, पण मग जो पहिला फोन करेल तो जिंकतो. फॉर्म भरल्यावर दोन मिनिटांत फोन वाजतो तो यामुळे. अमेरिकेत याचा लिलाव यंत्रं करतात. आधी पिनकोड, गरज अशी अर्धी माहिती अनेक खरेदीदारांकडे जाते, त्यावर बोली लागते आणि नाव-नंबर बोली जिंकणाऱ्याकडे. सगळं काही सेकंदांत.

फसवणूकही इथेच. फुकट कूपनच्या आमिषाने भरून घेतलेले फॉर्म, माणसं बसवून भरलेले फॉर्म, बॉटने भरलेले फॉर्म. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०२२ मध्ये ‘होमअॅडव्हायझर’ या घरदुरुस्तीच्या लीड विकणाऱ्या कंपनीवर तक्रार दाखल केली. सुतार, रंगारी, छोटे कंत्राटदार वर्षाला सुमारे २८८ डॉलर वर्गणी आणि वर प्रत्येक लीडचे वेगळे पैसे भरत होते. लीडचा दर्जा, त्या कुठून येतात आणि त्यातून किती कामं मिळतात, याबद्दल दिशाभूल केल्याचा आरोप होता. जानेवारी २०२३ च्या आदेशानुसार कंपनीवर ७२ लाख डॉलरपर्यंत रक्कम देण्याची वेळ आली. लीडच्या धंद्यात नाडला जातो तो फक्त फोनने हैराण झालेला माणूस नव्हे, पैसे भरून बंद नंबर विकत घेणारा कारागीरही असतो.

एका संमतीवर किती जणांनी फोन करावा, हा वाद तिथे कोर्टात गेला. एका वेळी एकाच विक्रेत्यासाठी संमती घ्यावी, असा नियम तिथल्या दूरसंचार आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केला. तो २७ जानेवारी २०२५ पासून लागू व्हायचा होता. त्याच्या तीनच दिवस आधी अपील न्यायालयाने तो रद्द केला.

भारतात काय?

इथल्या अनेक फॉर्मखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते. ‘माझा नंबर डीएनडीमध्ये असला तरी संपर्क करण्यास संमती देतो.’ खूण बहुतेकदा आधीच केलेली. ज्याच्या नावाने फॉर्म भरला त्याचा फोन आला तर तक्रार लंगडी पडते, ती या ओळीमुळे. पण वाकडवाल्या तिसऱ्या प्रकल्पाला ही संमती दिलेली नसते. तिथे १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी अॅपवर तक्रार करता येते. २०२५ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी तीनऐवजी सात दिवस मिळतात. प्रचाराचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यायला हवेत. साध्या दहा आकडी मोबाईलवरून येत असतील तर तिथेच नियम मोडलेला असतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती विशिष्ट कारणासाठी, स्पष्ट आणि मागे घेता येण्याजोगी हवी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदींना मात्र तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. घरांच्या बाबतीत महाराष्ट्रात आणखी एक खूण आहे. जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक हवा आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. ज्या जाहिरातीत प्रकल्पाचं नाव नाही, क्रमांक नाही, फक्त ‘हिंजवडीजवळ, ऑफर मर्यादित’ आहे, ती बहुधा नंबर गोळा करण्यासाठीच टाकलेली असते.

न विकली गेलेली लीडही वाया जात नाही. ‘फोन उचलत नाही’ असा शेरा मारलेल्या नावांच्या एक्सेल शीट सहा महिन्यांनी, वर्षाने पडत्या भावात पुन्हा विकल्या जातात. त्या रात्री टू बीएचकेची किंमत विचारणाऱ्याला पुढच्या पावसाळ्यात इंटिरिअरवाल्याचा फोन आला, तर नंबर कुठून मिळाला हे बहुधा त्या इंटिरिअरवाल्यालाही सांगता येणार नाही.