बेताच्या पैशांतील प्रोसेसर

खेळांसाठीं संगणक जुळवतांना बेताच्या पैशांत प्रोसेसर कोणता घ्यावा, हा प्रश्न नव्या मुंबईंत नातवंडांमुळें घरोघर निघतो. १९८८ सालीं तो पुण्यांत निघाला होता. क्रे कंपनीचा अधिक शक्तिमान महासंगणक देण्यास अमेरिका राजी होईना, म्हणून सरकारनें सी-डॅक ही संस्था स्थापिली. हातीं तीन वर्षें आणि सुमारें ३० कोटी रुपये. डॉ. विजय भटकर व त्यांचे सहकारी यांनीं एकाच बलाढ्य प्रोसेसरचा हव्यास सोडून ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे, बाजारांत मिळणारे ट्रान्सप्यूटर घेतले. प्रत्येकावर शेजाऱ्यांशीं जोडण्याच्या चार वाटा होत्या. पैसा वांचला, पण गणितांचे तुकडे पाडून आज्ञावल्या नव्यानें लिहाव्या लागल्या. आजच्या सहा-आठ गाभ्यांच्या प्रोसेसरचेंही तेंच. खेळ ते गाभे वापरीत नसेल, तर किंमत फुकट जाते. पुण्याच्या मंडळींनीं ते कष्ट उपसले, आणि १९९१ सालीं ‘परम ८०००’ उभा राहिला.