एव्हा तार्दोश

एव्हा तार्दोश (जन्म : १ ऑक्टोबर १९५७, बुडापेस्ट) या हंगेरियन-अमेरिकन गणितज्ञ व संगणकशास्त्रज्ञ असून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक आहेत. इष्टतमीकरण आणि अल्गोरिदमीय खेळ सिद्धांत (गेम थिअरी) ही त्यांच्या संशोधनाची प्रमुख क्षेत्रे होत.

शिक्षण व अध्यापन

बुडापेस्टच्या ओटव्होश लोरांद विद्यापीठात आंद्राश फ्रांक यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९८४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९८९ पासून त्या कॉर्नेलमध्ये असून २००६ ते २०१० या काळात संगणकशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या. गणितज्ञ गाबोर तार्दोश हे त्यांचे बंधू होत.

किमान खर्चाचा प्रवाह

मार्गांच्या जाळ्यातून ठरावीक माल कमीत कमी खर्चात कसा न्यावा, हा इष्टतमीकरणातील मूलभूत प्रश्न आहे. जॅक एडमंड्स व रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये तो सोडवण्याची कार्यक्षम रीत दिली. मात्र आकडे जितके मोठे, तितक्या तिच्या पायऱ्या वाढत. केवळ जाळ्याच्या आकारावर अवलंबून असणारी रीत शक्य आहे काय, हा प्रश्न तेरा वर्षे अनुत्तरित राहिला. तार्दोश यांनी १९८५ मध्ये अशी रीत शोधली. या कार्यासाठी त्यांना १९८८ चा फुल्करसन पुरस्कार मिळाला.

स्वार्थी मार्गनिवड

वरील प्रश्नात निर्णय घेणारा एकच असतो. रस्त्यांवर वा इंटरनेटवर मात्र प्रत्येक जण स्वतःपुरता जलद मार्ग निवडतो. त्यामुळे समाजाचे किती नुकसान होते?

समजा, एका गावाहून दुसऱ्या गावी दोन रस्ते जातात. पहिल्याने नेहमी एक तास लागतो. दुसऱ्यावर जितका वाहतुकीचा हिस्सा, तितका तासाचा हिस्सा लागतो. म्हणजे निम्मी वाहने असल्यास अर्धा तास. दुसरा रस्ता पहिल्याहून कधीच वाईट नसल्याने सर्वच तो धरतात आणि सर्वांनाच एक तास लागतो. वाहने निम्मी-निम्मी विभागली असती, तर सरासरी पाऊण तास लागला असता. हे गुणोत्तर ४/३ आहे. मूळ उदाहरण अर्थशास्त्रज्ञ पिगू यांचे.

विलंब वाहतुकीच्या सरळ प्रमाणात (रेषीय रीतीने) वाढत असेल, तर जाळे कितीही मोठे व गुंतागुंतीचे असले तरी नुकसान या ४/३ पटीपलीकडे जात नाही, असे तार्दोश व त्यांचे विद्यार्थी टिम रफगार्डन यांनी सिद्ध केले (२०००, नियतकालिकात प्रसिद्धी २००२). दोन रस्त्यांचे हे साधे उदाहरणच सर्वांत वाईट ठरावे, हा या निष्कर्षाचा अनपेक्षित भाग होय. विलंब रेषीय नसल्यास गुणोत्तर अमर्याद वाढू शकते. तरीही दुप्पट वाहतूक उत्तम नियोजनाने नेताना जितका एकूण विलंब होईल, त्याहून अधिक विलंब मूळ वाहतुकीच्या स्वार्थी मार्गनिवडीने होत नाही, हेही त्यांनी दाखवले.

ग्रंथ व सन्मान

जॉन क्लाइनबर्ग यांच्यासह लिहिलेले ‘अल्गोरिदम डिझाइन’ हे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध आहे. ‘अल्गोरिदमिक गेम थिअरी’ (२००७) या ग्रंथाच्या चार संपादकांपैकी त्या एक आहेत. स्वार्थी मार्गनिवडीवरील कार्यासाठी २०१२ चा गोडेल पुरस्कार त्यांना व रफगार्डन यांना मिळाला. याच विषयाचा पाया घालणारे कुत्सुपियास, पापादिमित्रिऊ, निसान व रोनेन हेही त्याचे सहमानकरी होते.