८६ सेंटिमीटरचं बाळ

२०१६ च्या पावसाळ्यात मी सहारच्या एअर कार्गो कॉम्प्लेक्सजवळ एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला लागले. घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाका, पुढे शेअर रिक्षा. काम एकच, बिल ऑफ एंट्री भरायचं. मालाचं वर्णन, किंमत आणि आठ आकडी कोड. पहिल्याच महिन्यात लहान मुलांच्या जॅकेटांची खोकी आली. इन्व्हॉइसवर ‘किड्स जॅकेट, युनिसेक्स’ एवढंच. मी सगळी बाळांच्या कपड्यांत टाकली. दोन दिवसांनी कस्टम्सची क्वेरी आली, माल अडकला, गोदामाचं भाडं चढू लागलं. आमचे हेडक्लार्क काका म्हणाले, “अगं, बाळ कोण ते टॅरिफ ठरवतं. टेप घे आणि चल.”

टॅरिफमध्ये बाळ म्हणजे ८६ सेंटिमीटरपर्यंत उंचीचं मूल. वय कुणी विचारत नाही. साधारण दोन वर्षांच्या आसपास मूल ही रेघ ओलांडतं. तोवरचे होजियरीचे कपडे ६१११ मध्ये, मागावरच्या कापडाचे ६२०९ मध्ये, आणि तिथे मुलगा-मुलगी असा भेद नाही. रेघ ओलांडली की दोनच दारं उरतात: ‘पुरुष किंवा मुलगे’ आणि ‘स्त्रिया किंवा मुली’. तीन वर्षांच्या पोराचं नायलॉनचं जॅकेट बापाच्या ओव्हरकोटाशेजारी ६२०१ मध्ये जातं, पोरीचं ६२०२ मध्ये. ओळखायचं कसं? पुढून बंद करताना डावी बाजू उजवीवर आली तर मुलाचं, उजवी डावीवर आली तर मुलीचं. कपड्याच्या बेतावरून उघडच कळत असेल तर हा नियम लावत नाहीत. आणि काहीच कळलं नाही तर? मुलींचं. खरंच तसं लिहिलंय. कुणाच्याच वाट्याचं नसलेलं काम बायकांच्या खात्यात टाकायची पद्धत मला घरून माहीत होती, ती ब्रुसेल्सलाही आहे हे नवीन होतं.

ब्रुसेल्स अशासाठी, की आपला १९७५ चा कस्टम्स टॅरिफ ॲक्ट तिथल्या वर्गीकरणावर बेतलेला होता. मग १९८३ मध्ये तिथेच हार्मोनाइज्ड सिस्टिमचा करार झाला. तो १ जानेवारी १९८८ पासून लागू झाला, पण भारताने त्याआधीच, २८ फेब्रुवारी १९८६ ला, आपलं टॅरिफ त्या साच्यात बसवलं. गंमत अशी, की कपड्यांचे कप्पे तयार होते आणि आत माल जवळजवळ नव्हता. परदेशी तयार कपडे व्यापारासाठी आणण्यावर तेव्हा कडक निर्बंध होते. अंधेरी-बोरिवलीच्या घरांत पोरांना मिळालेली ‘फॉरेनची’ जॅकेटं आत्या-मामांच्या बॅगांतून आली. आणि प्रवाशाच्या बॅगेतल्या करपात्र वस्तूंना एकच हेडिंग, ९८०३. जॅकेट असो की टॉर्च. तिथे उंची नाही, बटणं नाहीत.

१ एप्रिल २००१ ला उरलेले संख्यात्मक निर्बंध उठले. स्वस्त परदेशी मालाखाली इथले कारखाने दबतील या भीतीने कोट-जॅकेटांसकट अनेक कपड्यांवर दुहेरी दर ठेवले होते: किमतीवर टक्के, किंवा नगामागे ठरावीक रुपये, यांत जे जास्त ते. उदाहरणापुरतं धरा, २० टक्के किंवा ३०० रुपये. बापाच्या ३,००० च्या कोटावर ६०० पडतात, म्हणजे वीसच टक्के. पोराच्या ६०० च्या जॅकेटावर ३००, म्हणजे थेट निम्मी किंमत. ‘पुरुष किंवा मुलगे’ या तीन शब्दांत बसलेला हा अन्याय मला बटणांच्या नियमापेक्षा जास्त खुपतो. बटणांवर निदान हसता तरी येतं.

रेनकोटची कथा आणखी निराळी. शाळेबाहेर टांगलेला, नुसत्या प्लास्टिकच्या पत्र्याचा रेनकोट टॅरिफच्या लेखी वस्त्रच नव्हे. तो प्रकरण ३९ मध्ये, प्लास्टिकच्या वस्तूंत जातो, आणि तिथे त्याला लिंग नाही. कापडावर प्लास्टिकचा थर असेल तर ६२१०, पण तो थर नुसत्या डोळ्यांनी दिसायला हवा. न दिसणारा थर दिलेलं विंडचीटर पुन्हा ६२०१ किंवा ६२०२ मध्ये. काका असा कपडा खिडकीशी धरून चष्मा वर करायचे आणि बराच वेळ काही बोलायचेच नाहीत.

आमच्या खोक्यांना दोन दिवस लागले. लेबलांवर ८०, ८६, ९२, ९८ असे युरोपी साइझ होते, म्हणजे मुलाची उंचीच, त्यामुळे टेप फारशी लागली नाही. ८६ पर्यंतची बाळांत राहिली. बाकीच्यांना मधोमध चेन, कुठलीच बाजू कुठल्याच बाजूवर येत नव्हती, छातीवर हिरवा डायनासोर.

“काका, डायनासोर म्हणजे मुलगा ना?”

“टॅरिफमध्ये डायनासोर नाही,” ते म्हणाले, आणि मी ६२०२ टाइप केलं.